तिसऱ्यांदा ओढलेलं कुलूप

आमच्या मजल्यावर तीन दारं आहेत. एक माझं, एक कायम बंद, आणि मधलं खात्रीभाऊंचं. खात्रीभाऊ हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाही, मी ठेवलं. या जिन्यातल्या बहुतेक सगळ्यांना मीच नावं ठेवली आहेत, आणि ती दोन्ही अर्थांनी. वरचे मास्तर म्हणजे 'शांतता', कारण त्यांच्या घरातून दर पाच मिनिटांनी तेवढाच शब्द ऐकू येतो. तळमजल्यावरची नर्स म्हणजे 'आलेच', कारण ती तसं म्हणते आणि येत नाही. माणसाची चाल, खोकला, दार लावायची तऱ्हा एकदा पाहिली की माझ्या अंगात उतरते. लोक मला घरच्या कार्याला बोलावतात ते जेवायला नव्हे, जेवण झाल्यावर.

खात्रीभाऊंची सकाळ पावणेसातला माझ्या भिंतीपलीकडे सुरू व्हायची. आधी दार ओढल्याचा आवाज, मग कडी, मग कुलुपाची टक. मग कुलूप दोन बोटांनी धरून खाली ओढायचं. मग सात पायऱ्या खाली. तिथे थांबायचं. मग सात पायऱ्या वर, पुन्हा ओढायचं. मग थेट फाटकापर्यंत जायचं आणि तिथून परत यायचं. या खेपेला मात्र चवड्यांवर, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तिसऱ्यांदा ओढून झालं की कुलुपालाच हळूच म्हणायचं, "झालं ना रे? झालं." जसं काही पोराला निजवून निघालेत. त्यानंतरच माणूस कामाला जायचा. माझा चहा त्यावर ठरलेला होता. पहिल्या ओढीला पाणी चढवायचं, तिसरीला गाळायचा.

आता हे सगळं मी सांगतेय तसं सांगितलं तर हसू येतं. मलाही येतं अजून. तीच तर अडचण आहे.

कामाला म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाला कपडे धुण्याचा मोठा कारखाना आहे, तिथे. इस्पितळांचे कोट, चादरी, दोन-तीन हॉटेलांचे टॉवेल असं तिथे चाकांच्या टोपल्यांतून येतं. खात्रीभाऊ पहिल्या टेबलावर. आलेला प्रत्येक कपडा यंत्रात जायच्या आधी त्यांच्या हातून जायचा. खिसे बघायचे, डाग बघायचा, सुटलेलं बटण बघायचं. खिशातून काय काय निघायचं ते ते मला कधीमधी सांगत. पेनं, चष्मे, अर्धी खाल्लेली चॉकलेटं, एकदा कुणाचा तरी राजीनामा, चार घड्या घातलेला. सगळं एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचं, चिठ्ठी लावायची आणि कपड्यांबरोबर परत पाठवायचं. बावीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून खिशात काही राहून यंत्रात गेलं नव्हतं. तिथेही ते तीनदा बघायचे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

माझ्या धाकट्या जावेकडे पुतणीचा वाढदिवस होता. जेवणं झाली, केक कापून झाला आणि जाऊबाईंनी मला ढोसलं, "वहिनी, काहीतरी करा ना." मी खुर्चीला दार केलं, नॅपकिन खांद्यावर टाकून त्याची पिशवी केली आणि खात्रीभाऊ काढले. दोन बोटांनी ओढलं. सात पायऱ्या मोजल्या. परत आले. चवड्यांवर आले तेव्हा लोक जमिनीवर लोळायचे बाकी होते. "झालं ना रे?" म्हटलं तेव्हा जाऊबाईंचा भाऊ डोळे पुसत उभा राहिला. "ताई, हा तर आमच्या टेबलावरचा," म्हणाला. मला ठाऊकच नव्हतं की तो त्याच कारखान्यात इस्त्रीच्या यंत्रावर आहे. त्याने पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदाही केलं, कारण खात्रीभाऊंचं आहे म्हटल्यावर तीनदा व्हायलाच हवं, असं कुणीतरी म्हणालं. बहुतेक मीच म्हणाले.

एक गोष्ट मी त्या नकलेतून गाळली होती. खात्रीभाऊंचे वडील. आम्ही त्यांना काका म्हणतो. आयुष्यभर बस चालवली, आणि आता त्यांना वेळ-काळ कळत नाही. कधी ते सत्तरीचे असतात, कधी तिशीचे. खात्रीभाऊ सातला जातात, त्यांची बहीण नऊला येते आणि संध्याकाळपर्यंत थांबते. मधले दोन तास काका झोपलेले असतात, दार बाहेरून बंद असतं. दोन वर्षांपूर्वी एकदा कुलूप लटकत राहिलं, लागलं नाही. काका उठले, बाहेर पडले आणि दीड दिवस सापडले नाहीत. तेव्हापासून ती तीन वेळची ओढ. मला हे माहीत होतं. पण ते सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं, म्हणून नाही सांगितलं. त्या दिवसाबद्दल आणखीही एक आहे, ते पुढे सांगते. लगेच सांगायला जीभ वळत नाही.

वाढदिवसानंतर इस्त्रीवाला माझ्याकडे चक्कर मारायला लागला. दर आठवड्याला नवी बातमी. कारखान्यात माझी नक्कल चालू झाली होती. आधी त्याने जेवणाच्या सुट्टीत केली. मग सगळ्यांच्या तोंडी झाली. खात्रीभाऊंनी कोटाच्या खिशात हात घातला की इस्त्रीच्या बाजूने कुणीतरी हळूच म्हणायचं, "झालं ना रे?" आणि पलीकडून सातआठ जण एका सुरात, "झालं." पुन्हा हात घातला की एकजण मोजायचा. नावसुद्धा माझंच तिथे पोचलं. त्यांना तिथे भाऊ कुणी लावत नव्हतं. नुसतं "ए खात्री".

खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. आपण घरात केलेली गोष्ट शंभर माणसांच्या कारखान्यात चालते म्हणजे काय. इस्त्रीवाला विचारायचा, "ताई, आता पुढे काय करू?" आणि मी चहा गाळता गाळता सुचवायची. कारखान्यातल्या त्यांच्या कपाटाला आणखी एक कुलूप लावा, हे मी सुचवलं. त्यांनी लावलं. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर खात्रीभाऊ कपाटापाशी आले, तर दोन कुलुपं, किल्ली एकाची. घरी जायला निघालेले सगळे मुद्दाम रेंगाळत होते. इस्त्रीवाल्याने मला साभिनय सांगितलं, की त्यांनी दुसरं कुलूप एकदा ओढून पाहिलं, कुणाकडे बघितलं नाही आणि तसेच निघाले. त्या संध्याकाळी मी खिडकीत होते. खात्रीभाऊ जेवणाचा डबा न घेता मोकळ्या हातांनी जिना चढत होते. मी आत जाऊन, तोंडाला पदरासारखा टॉवेल लावून हसले. आज तो टॉवेल दिसला तरी मी दुसरा घेते.

या सगळ्याला खात्रीभाऊंनी कसं तोंड दिलं, तर जसं आपण कुणीही दिलं असतं तसं. आधी बरोबरीने हसून पाहिलं. मग एक दिवस सगळ्यांना चहा पाजला. सगळे चहा प्यायले आणि कप खाली ठेवताना म्हणाले, झालं ना रे. मग ते जेवायला एकटे बसायला लागले, जिथे ओल्या चादरी लटकवतात तिथे, चादरींच्या मागे. हे मला इस्त्रीवाल्याकडूनच कळायचं. खात्रीभाऊ घरी काही बोलत नसत.

मग एका सकाळी माझा चहा चुकला. पहिली ओढ ऐकली, पाणी चढवलं, सात पायऱ्या ऐकल्या, आणि पुढे काहीच नाही. फाटक वाजलं. माणूस गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी मनात म्हटलं, चला, सुधारला. तिसऱ्या दिवशी माझ्या दारावर टकटक झाली. खात्रीभाऊ. पिशवी छातीशी धरलेली, नजर माझ्या पायपुसण्यावर.

"वहिनी, एक काम सांगू का?"

मी म्हटलं, सांगा ना.

"मी गेल्यावर आमचं कुलूप एकदा ओढून बघाल? फक्त एकदा. मी परत येणं सोडायचं म्हणतोय. कामावर हसतात लोक. तिकडे सोडायचं तर इकडेही सुटायला हवं, नाहीतर जमत नाही. पण बाबांचं आहे ना."

मी मान हलवली.

"दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर हसले असते," ते म्हणाले. "तुम्ही नाही हसणार."

ते गेल्यावर मी जाऊन कुलूप ओढलं. लागलेलं होतं. थंड, जड, लोखंडी. घरात येऊन चहा घेतला आणि चहा अर्धा टाकून परत गेले, पुन्हा ओढलं. त्यानंतर रोज. कधी दोनदा, कधी तीनदा. एकदा वरून 'शांतता' मास्तर उतरत होते, तर मी पटकन भिंतीवरचा डाग पुसायला लागले. आपल्याला कुणी बघू नये असं वाटणं किती लाजिरवाणं असतं, ते मला या वयात पहिल्यांदा कळलं.

इस्त्रीवाला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, पुरे आता, सोडा त्या माणसाला. त्याला वाटलं मी एखाद्या रागीट बाईची नक्कल करतेय. तो हसला. माझ्या तोंडून गंभीर शब्द निघाला तरी लोक पुढच्या विनोदाची वाट बघतात, ही माझी कमाई. आणि मग, देवाशपथ, त्याला वाईट वाटू नये म्हणून मीही हसले.

त्यानंतर महिनाभरात ते पेनाचं झालं.

शनिवारी दुपारी खात्रीभाऊ जिन्यात भेटले. नेहमीपेक्षा लवकर आले होते. अगदी शांतपणे त्यांनी सांगितलं, की इस्पितळाच्या एका कोटात शाईचं पेन राहिलं आणि यंत्रातला कपड्यांचा सगळा घाणा निळा झाला. शस्त्रक्रियेच्या खोलीतले पांढरे कोट, एकही वाचला नाही. कारखाना बघणाऱ्या मोठ्या बाईंनी त्यांना टेबलावरून काढलं. सोमवारपासून ओली खोली. ओली खोली म्हणजे जिथे यंत्रांच्या गाळण्या साफ करतात, पायाखाली सतत पाणी. ती पाळी पहाटे साडेचारला सुरू होते.

"आणि काका?" मी विचारलं.

"तेच. साडेचार ते नऊ एकटे कसे राहतील. बहिणीला त्याआधी येणं शक्य नाही, तिचीही पोरं आहेत. आठवडाभर बघतो. नाही जमलं तर काम सोडतो." मग म्हणाले, "माझीच चूक आहे. दोनदा बघितलं होतं. तिसऱ्यांदा नाही बघितलं."

रविवारी इस्त्रीवाला आला. या वेळी अभिनय नव्हता. खुर्चीच्या काठावर बसला. ते पेन त्याचं होतं. खात्रीभाऊ दोनदा खिसे बघून टोपली आणायला गेले, तेवढ्यात याने वरच्या कोटात पेन सरकवलं. बेत असा की ते सवयीने तिसऱ्यांदा बघणार, पेन सापडणार, दोनदा बघून कसं दिसलं नाही म्हणून चक्रावणार, आणि सगळ्यांनी हसायचं. सहा जण यंत्रांच्या आड उभे होते. खात्रीभाऊ आले. हात वरच्या कोटावर नेला. मग त्यांनी मान वर केली आणि ते सहा चेहरे त्यांना दिसले. हात मागे घेतला, सगळा ढीग तसाच यंत्रात लोटला आणि दार लावलं.

"तिसऱ्यांदा बघितलंच नाही, ताई," इस्त्रीवाला म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क तक्रार होती. "कायम बघतो. त्याच दिवशी नाही बघितलं."

ते यंत्र एकदा सुरू झालं की धुणं संपेपर्यंत दार उघडत नाही. काचेतून आधी एक निळी रेघ दिसली, मग सगळंच निळं फिरायला लागलं. सहाही जण बघत होते. खात्रीभाऊ काचेला हात लावून उभे होते.

म्हणजे पाहा. त्यांच्या सवयीवर बेतलेली खोडी, आणि ती सवय आम्हीच सगळ्यांनी मिळून मोडलेली. इस्त्रीवाल्याने माझ्याकडून कुणाला न सांगण्याचं वचन मागितलं. मी दिलं नाही, एवढंच मी चांगलं केलं. नाही म्हणायचं धाडस मात्र झालं नाही. गप्प राहिले. त्याने ते वचनच मानलं आणि तो गेला.

सोमवारी सव्वाचारला भिंतीपलीकडे कडी वाजली. एकदाच. मी जागीच होते. उठून कुलूप ओढलं. आत काका बोलत होते, बहुधा झोपेत. आठ वाजता मी खात्रीभाऊंच्या बहिणीला फोन करून त्या दिवसापुरतं लवकर बोलावून घेतलं आणि कारखान्यात गेले.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दारातून आत गेले. वाफेने चष्मा धुरकटला. पुसला तेव्हा समोर पहिलं टेबल होतं, रिकामं, आणि त्याच्या कोपऱ्यावर पत्र्याचा डबा. मोठ्या बाई काचेच्या खोलीत बसतात. मी सगळं सांगितलं. पेन मुद्दाम ठेवलं होतं म्हटल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, कुणी. मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे वाफेत जाऊबाईंचा भाऊ कोटाच्या कॉलरवर इस्त्री दाबत होता. पुतणीचा मामा. "माझ्या जावेचा भाऊ," मी म्हटलं. मग म्हटलं, पण नक्कल माझी.

"कसली नक्कल?"

मी समजावून सांगायला लागले. बाईंना कळेना. मी पुन्हा सांगितलं, तरी कळेना. आणि मग, कशी कोण जाणे, मी खुर्ची ओढली, दोन बोटं पुढे केली आणि करून दाखवायला लागले. कुलूप ओढलं. पायऱ्या मोजल्या. चवड्यांवर वळले, तर काचेच्या दारात खात्रीभाऊ उभे होते. गुडघ्यापर्यंत ओले, हातात गाळणी. त्यांना कुणीतरी बोलावून आणलं होतं.

कारखान्यात त्यांनी ती नक्कल शेकडो वेळा पाहिली असेल. पण ते माझ्या बोटांकडे बघत होते. कुलूप धरताना त्यांची करंगळी जराशी उचलली जाते, ते फक्त मला जमतं, बाकी कुणाला नाही. मूळ नक्कल कुणाची, ते त्यांनी ओळखलं. माझी दोन बोटं हवेत तशीच होती, ती खाली घ्यायचंही सुचेना.

मोठ्या बाईंनी त्यांना सांगितलं, की पेनाचं कळलं, टेबल तुमचंच, आत्ताच्या आत्ता जा. खात्रीभाऊ जागचे हलले नाहीत.

"मी नाही बसू शकत तिथे," ते म्हणाले. "पेन कुणी का ठेवलेलं असेना, तिसऱ्यांदा बघितलं असतं तर सापडलं असतं. आता तिसऱ्यांदा हात घालायची लाज वाटते. हात घातला की ऐकू येतं, कुणी काही बोललं नाही तरी. तीनदा न बघणारा माणूस टेबलावर ठेवून काय करणार?"

खात्रीभाऊ माझ्याकडे वळले.

"वहिनी, तुम्ही त्यांना बाबांचं का नाही सांगितलंत?"

"हसू आलं नसतं कुणाला."

त्यांनी गळती गाळणी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मग आता सांगा. मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं."

दहाच्या सुट्टीत सगळे लांब बाकांवर चहा घेऊन बसले होते. मोठ्या बाईंनी मला पुढे उभं केलं. काहींनी मला ओळखलं असावं. इस्त्रीवाल्याने कधीतरी अभिमानाने सांगितलं असेल, की मूळ कारागीर आपली नातेवाईक आहे. दोघेतिघे आधीच हसायच्या तयारीत होते. खात्रीभाऊ मागे, ओल्या चादरींपाशी, पण या वेळी चादरींच्या पुढे.

मी सांगितलं. न हातवारे, न आवाज बदलणं. काका बस चालवायचे. कुलूप लटकत राहिलं होतं. आणि मग मी ते सांगितलं, जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी सव्वासातला काका जिन्यात मला भेटले होते. अंगात झोपायचा पायजमा, वर जुना गणवेशाचा कोट, पाय अनवाणी. मी कचरा ठेवायला दार उघडलं होतं. मला गंमत वाटली. मी टाचा जुळवून सलाम ठोकला आणि विचारलं, "काय काका, ड्युटीवर?" काका म्हणाले, "हो. पहिली गाडी." त्यांनीही सलाम केला आणि उतरून गेले. मी आत जाऊन चहा उतू जाईपर्यंत हसले. मला वाटलं फाटकापर्यंत जाऊन येतील. मग विसरले.

बहीण नऊला आली आणि तिचा फोन गेल्यावर खात्रीभाऊ धावत आले. प्रत्येक दार वाजवलं, कुणी पाहिलं का बाबांना. माझंही वाजवलं. आणि मी म्हटलं, नाही. कारण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग अडवलं का नाही.

पहिली गाडी एवढे दोन शब्द मी सांगितले असते तर ते तासाभरात सापडले असते. लोक दवाखाने बघत होते, नदीकाठ बघत होते. काका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुन्या बस आगारात सापडले. दुरुस्तीला लावलेल्या गाडीत, चालकाच्या जागेवर बसलेले, तळपायांची सालटं निघालेली. प्रवासी चढायची वाट बघत होते.

"खात्रीभाऊ तीनदा कुलूप ओढतात ते म्हणून," मी म्हटलं. "खरं तर ओढायला मी हवी होते."

मी माणसांना हसवत आले, त्यामुळे किती वेळाने हशा येतो ते मला बरोबर कळतं. हशा येत नाही तेव्हा समोरची जागा किती मोठी होते, हे माहीत नव्हतं. कुणी चहा पीत नव्हतं. इस्त्रीवाला मान खाली घालून नखाने बाक खरवडत होता. मी खात्रीभाऊंकडे बघू शकले नाही. त्यांच्या दोन वर्षांच्या पायऱ्या मी एका "नाही"ने त्यांच्या मागे लावल्या होत्या आणि वर त्याची करमणूक केली होती.

सुट्टीची घंटा झाली. खात्रीभाऊ माझ्या शेजारून सरळ पुढे गेले. टेबलापाशी जाऊन गाळणी खाली ठेवली, हात पुसले आणि पहिला कोट उचलला. खिसे बघितले. कोट बाजूला ठेवला, परत घेतला, बघितले. मग थांबले. सगळा कारखाना आपापल्या जागी उभा राहून दुसरीकडे बघत होता, आणि दुसरीकडे बघणं किती अवघड जातंय ते दिसत होतं. खात्रीभाऊंनी तिसऱ्यांदा हात घातला. कुणी मोजलं नाही.

टेबल त्यांच्याकडे राहिलं. इस्त्रीवाला आता साडेचारच्या पाळीला ओल्या खोलीत असतो. जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत, पुतणीच्या यंदाच्या वाढदिवसाला मला बोलावणं आलं नाही. नकला मात्र सुटल्या म्हणणार नाही. मास्तरांची शांतता मी अजून करते, परवाच खुद्द मास्तरांपुढे केली. पण मधल्या दारातलं काही माझ्या अंगात उतरायला लागलं की मी उठून भांडी घासते.

खात्रीभाऊंनी मला पुन्हा कुलूप ओढायला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ते परत तीनदा यायला लागले आणि त्यांना संकोच नको म्हणून मी पावणेसातला दाराजवळ फिरकेनाशी झाले. त्यांची बहीण काकांना संध्याकाळी फिरायला नेते. मी जिन्यात असले तर काका मला सलाम करतात. मी करते, आणि त्यांची बहीण बरोबर आहे ना, ते बघते. ती बरोबर असली तरी पुन्हा एकदा बघते.

अडीच महिने असे गेले. परवा सकाळी माझं दार उघडं होतं, वर्तमानपत्र उचलायला मी वाकले होते, आणि खात्रीभाऊ तिसऱ्या खेपेला वर आले. चवड्यांवर. मला बघून थबकले. मी वर्तमानपत्र उचललं आणि घाईने आत वळले.

"आत जाऊ नका," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बघितलंत तरी चालेल."

आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. मी उंबऱ्यात उभी राहिले. त्यांनी दोन बोटांनी कुलूप धरलं, करंगळी जराशी उचलली आणि ओढलं.